गाडी जिवापाड आवडते, पण एक गोष्ट बदलायची असेल तर? स्पोर्ट्स कार मालकांच्या उत्तरात दडलेले धंदे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ग्राहकाला प्रश्न कसा विचारायचा हे बघितलं. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून तोच विषय इथे सविस्तर घेतोय. उदाहरण मात्र थोडं वेगळं आहे: स्पोर्ट्स कार.

तुम्ही म्हणाल, "सर, आमच्याकडे स्प्लेंडर आहे आणि तुम्ही स्पोर्ट्स कारच्या गोष्टी काय सांगताय?" थांबा. गाडी घ्यायला सांगत नाहीये. ज्याने ती घेतली, त्याच्या तोंडून धंदा कसा ऐकायचा, ते सांगतोय.

बहुतेक दुकानदार ग्राहकाला विचारतात, "आवडलं ना?" ग्राहक म्हणतो, "हो, मस्त." विषय संपला. या उत्तरातून तुम्हाला काहीच मिळालं नाही. आता प्रश्न थोडा फिरवा: "यात एकच गोष्ट बदलायची मुभा असती, तर काय बदललं असतं?" हा प्रश्न ऐकला की माणूस दोन सेकंद थांबतो आणि मग खरं बोलतो. त्या खऱ्या उत्तरात कुणाचा ना कुणाचा रोजगार असतो.

स्पोर्ट्स कारचंच उदाहरण का?

साधी गाडी माणूस गरजेपोटी घेतो. स्पोर्ट्स कार मनापासून घेतो. त्याने पैसे भरपूर मोजलेले असतात, माहिती काढलेली असते, गाडीवर जीव असतो. असा माणूस उगाच नावं ठेवत नाही. तरीही तो "एवढं एक बदलायला हवं होतं" म्हणाला, तर ती अडचण खरी असते. आणि ती सुटत असेल तर पैसे द्यायची त्याची तयारीही असते.

दुसरं म्हणजे हा विषय आपल्या शहराला परका नाही. छत्रपती संभाजीनगरने ऑक्टोबर २०१० मध्ये देशभर बातमी केली होती. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या उद्योजकांनी, डॉक्टरांनी, बिल्डरांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या. व्यवहार साधारण ६५ कोटींचा. लोकांना त्यात श्रीमंती दिसली. आपल्याला त्यात दुसरं दिसायला हवं: एकेकटं शोरूममध्ये जाण्याऐवजी सगळे मिळून गेले आणि गट म्हणून बोलणी केली. ग्राहक एकत्र आला की त्याचा आवाज कंपनीपर्यंत जातो.

शिवाय शेंद्रा एमआयडीसीत २००१ पासून स्कोडाची जुळणी सुरू झाली, पुढे ऑडीच्या गाड्याही तिथेच जुळू लागल्या. वाळूजला बजाज आहे, आणि सुटे भाग बनवणारे छोटे-मोठे कारखाने तर गल्लोगल्ली आहेत. गाडीचा नट कसा बसतो हे या शहरातल्या हजारो हातांना माहीत आहे. म्हणजे हुनर इथे आहेच. उणीव असते ती नेमकं काय विकायचं हे ओळखण्याची.

शेंद्र्याच्याच गाडीची गोष्ट

स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी शेंद्र्यात व्हायची. तिचंच एक तापट भावंड होतं, आरएस. दिसायला घरगुती चार दरवाजांची गाडी, पण धावायला स्पोर्ट्स कारच्या वळणाची. २०११ मध्ये ही गाडी आपल्याकडे लॉरा आरएस नावाने आली. इंजिन १.८ लिटर टर्बो पेट्रोल, ताकद १६० पीएस. गिअर हाताने टाकायचे. तेव्हा परदेशातल्या आरएसला २ लिटर इंजिन आणि २०० पीएस मिळत होते. त्यामुळे इथल्या शौकिनांचं म्हणणं काय? "बाकी सगळं ठीक, पण इंजिन खरं द्या."

२०१७ मध्ये आरएस २३० आली. २ लिटर, २३० पीएस. मागणी पूर्ण झाली की नाही? झाली. पण आता गाडी आपल्याकडे फक्त ऑटोमॅटिकमध्ये आली. लगेच दुसरा सूर निघाला: "ताकद मिळाली, पण हाताने गिअर टाकायची मजा गेली."

मित्रांनो, यातून पहिला धडा घ्या. ग्राहकाची एक मागणी पूर्ण केली की दुसरी उगवते. याचा राग मानायचा नाही. जोपर्यंत तो मागतोय, तोपर्यंत त्याला तुमच्यात रस आहे. तो गप्प बसला की समजा, दुसऱ्या दुकानात गेला.

जगातल्या तीन गोष्टी, ज्या प्रत्येक उद्योजकाला माहीत हव्यात

पहिली गोष्ट ट्रॅक्टरवाल्याची. इटलीतल्या शेतकरी कुटुंबातला फेरुचिओ लँबोर्गिनी. १९४८ मध्ये त्याने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. पैसा आला, फेरारी घेतली. तिचा क्लच सारखा त्रास द्यायचा. तो क्लच उघडून बघितला तर आपल्या ट्रॅक्टरला लावतो तसाच निघाला, आणि तक्रार घेऊन गेल्यावर फेरारीने वाटेला लावलं, अशी हकीकत तो स्वतः सांगायचा. संवाद नेमका कसा झाला यावर वेगवेगळ्या कहाण्या आहेत. पण १९६३ मध्ये त्याने स्वतःची कार कंपनी काढली आणि १९६४ मध्ये ३५० जीटी ही पहिली गाडी विकायला काढली, हा इतिहास आहे. एका मालकाला गाडीत जे बदलायचं होतं, त्यातून एक कंपनी उभी राहिली.

दुसरी गोष्ट माझदाची. इंग्लंडच्या जुन्या, छोट्या, दोन सीटच्या उघड्या गाड्या लोकांना फार आवडायच्या. पण मालकांची तक्रार ठरलेली: इंजिनातून तेल गळतं, छतातून पाणी येतं, वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ मध्ये एमएक्स-५ आणली. हलकी, दोन सीटची, उघडी, मागच्या चाकांवर चालणारी. मजा तीच ठेवली, त्रास तेवढा काढून टाकला. २०१६ मध्ये या गाडीने १० लाखांचा टप्पा गाठला. दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढा खप जगात दुसऱ्या कुठल्या गाडीचा झाला नाही.

तिसरी गोष्ट उलट्या बाजूची. पोर्शची ९११ म्हणजे गोल दिव्यांची गाडी, ही लोकांच्या डोक्यात बसलेली ओळख. १९९७ मध्ये नवी ९११ आली, तिचे दिवे कंपनीने वेड्यावाकड्या आकाराचे केले. जुने चाहते नाराज झाले. लोकांनी त्या दिव्यांना फुटलेल्या अंड्याची उपमा दिली. २००४ मध्ये पुढचं मॉडेल आलं तेव्हा दिवे पुन्हा गोल होते.

म्हणून प्रश्न दोन विचारायचे. "काय बदलाल?" हा पहिला. "काय मुळीच बदलू नये?" हा दुसरा. दुसरा प्रश्न विसरलात तर सुधारणा करता करता ग्राहक जिच्यासाठी येत होता तीच गोष्ट घालवून बसाल. खानावळवाल्याने चकचकीत हॉटेल केलं आणि ठेच्याची चव गेली, असं होतं ते.

मालक नेमकं काय बदलू म्हणतात?

स्पोर्ट्स कारच्या मालकाला विचारलं तर वाटतं तो वेग, इंजिन असं काहीतरी सांगेल. प्रत्यक्षात आपल्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याची यादी फार साधी निघते.

एक. पोटाला घासते. ही तक्रार सगळ्यात वर. आपल्या रोजच्या गाड्यांच्या पोटाखाली साधारण १६५ ते २०० मिलिमीटर जागा असते. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये ती ११० ते १३० मिलिमीटरच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे चढण सावकाश होते. पण गल्लीत रातोरात डांबर टाकून केलेला गतिरोधक असा नसतो. तो अरुंद आणि उभा असतो. मग पुढचा ओठ तरी घासतो, नाहीतर पोट तरी. काही महागड्या गाड्यांत बटण दाबलं की नाक ४० मिलिमीटरपर्यंत वर उचलायची सोय मिळते, पण ती गाडी घेतानाच घ्यावी लागते.

दोन. चाकं जपून जपून जीव जातो. टायरवर लिहिलेलं माप वाचायला शिका, उपयोगी पडेल. २२५/४० आर १८ म्हणजे टायर २२५ मिलिमीटर रुंद, आणि त्याच्या बाजूच्या रबराची उंची त्याच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. घरगुती गाडीचा १६५/८० आर १४ घेतला तर ही उंची १३२ मिलिमीटर येते. रबर जेवढं कमी, तेवढी गादी कमी. खड्ड्यात आदळलं की धक्का थेट अलॉय रिमला बसतो. रिम वाकते, कधी तडकते. वर अनेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनीच नसते. पंक्चरचं औषध आणि छोटा पंप एवढ्यावर भागवायचं.

तीन. ऊन, धूळ आणि पाणी. मराठवाड्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये गाडी बाहेर उभी केली की काळ्या सीटवर बसवत नाही. धूळ बसली की माणूस कोरड्या फडक्याने पुसतो आणि गडद रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उठतात. बोअरच्या जड पाण्याने धुतली की पांढरे डाग पडतात.

चार. उभी राहून आजारी पडते. ही गाडी रोज निघत नाही. दोन-तीन आठवडे झाकून ठेवली की बॅटरी उतरते. टायर एकाच जागी दबून सपाट होतात. आणि उंदीर! लाखोंच्या गाडीचं वायरिंग उंदीर कुरतडतो आणि मालक हताश होतो.

पाच. बंद पडली तर उचलायची कशी? इतकी खाली असलेली गाडी हुक लावून ओढता येत नाही. सपाट फळ्याची गाडी लागते, आणि ती चढवताना नाक घासणार नाही असा तिरकस फळा लावणारा जाणता माणूस लागतो.

सहा. आईला बसता येत नाही. सीट इतकी खाली की गुडघेदुखी असलेला माणूस बसला तर उठायला दोघं लागतात. सामान ठेवायला जागा नाही. दोनच सीट असल्या तर मुलं घरी.

सात. आवाज, रंग, काळी काच. काही तरुण मालक हेच पहिलं सांगतात. याच्याबद्दल पुढे स्वतंत्र बोलू, कारण इथेच नवखा उद्योजक अडकतो.

आता यादीचे चार कप्पे करा

ग्राहकाने सांगितलेली प्रत्येक अडचण म्हणजे धंदा नव्हे. यादी हातात आली की चार कप्प्यांत वाटायची.

कप्पा १: कंपनीच सोडवू शकते. सीटची उंची, सीटची संख्या, इंजिन, गिअरबॉक्स. यात आपण पडायचं नाही. ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

कप्पा २: अडचण गाडीची नाहीच. गतिरोधक चुकीचा आहे, रस्ता खराब आहे. यात वस्तू विकायला जागा कमी, पण माहिती देता येते. अरुंद गतिरोधक तिरका ओलांडायचा, एका वेळी एकच चाक चढेल असं, हे ड्रायव्हरला शिकवणं हीसुद्धा सेवा आहे. असा शिकलेला ड्रायव्हर मिळत नाही म्हणून गाडी घरात उभी ठेवणारे मालक असतात.

कप्पा ३: कायदा परवानगी देत नाही. पैसे मिळतील, पण हात लावायचा नाही.

कप्पा ४: छोटा माणूस सोडवू शकतो. वाकलेली रिम सरळ करणं, रंगावर संरक्षक फिल्म लावणं, डिटेलिंग, उभ्या गाडीची देखभाल, गाडी उचलून नेणं, कव्हर शिवणं. आपलं घर या कप्प्यात आहे.

कप्पा ४ मध्येसुद्धा कामाची मर्यादा ग्राहकाला आधी सांगायची. वाकलेली रिम सरळ होते. तडकलेली रिम वेल्डिंग करून देणं म्हणजे ताशी शंभरच्या वेगात कुणाच्या तरी जिवाशी खेळ. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि तो रस्ता आपल्या शहराला लागूनच जातो. अशी रिम आली की "बदला" म्हणायचं, चार पैसे सोडायचे. तसंच सिरॅमिक कोटिंग दगडाच्या टवक्यापासून वाचवत नाही. त्याने पाणी आणि मळ चिकटत नाही, चमक राहते. टवका अडवायला जाड फिल्म लागते. हा फरक न सांगता कोटिंग विकलं, तर पहिल्याच हायवे ट्रिपनंतर ग्राहक भांडायला येतो आणि त्याचं बरोबरच असतं.

कायद्याची रेष कुठे आहे

हा भाग नीट वाचा. कर्ज काढून मॉडिफिकेशनचं दुकान टाकायचा विचार करणारे बरेच जण मला प्रश्न विचारतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीमध्ये नोंदलेला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हीच बाजू ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं. त्यानुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

रंग आरसीवर नोंदलेला असतो, त्यामुळे पूर्ण गाडीचा रंग बदलायचा तर आधी आरटीओ. काचेतून किती प्रकाश आरपार जायला हवा याचंही माप आहे: पुढच्या आणि मागच्या काचेला किमान ७० टक्के, बाजूच्या काचांना किमान ५० टक्के. काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच आदेश दिले आहेत. फटाक्यासारखा आवाज काढणारे सायलेन्सर तर पोलीस पकडतात आणि रोड रोलरखाली चिरडतात, फोटो तुम्ही पेपरात बघितलेच असतील.

अजून एक गोष्ट मालकांना माहीत नसते. विमा कंपनीला न कळवता गाडीत बदल केला आणि पुढे अपघात झाला, तर दावा अडकू शकतो. कंपनीची वॉरंटीही त्या भागापुरती नाकारली जाऊ शकते.

तुम्ही म्हणाल, "सर, सगळेच तर करतात." करतात. पण दंड झाला की मालक तुमच्याच नावाने ओरडतो. तुमचं भांडवल आणि शहरातलं नाव, दोन्ही एकाच पोत्यात बांधलेलं असतं. कामाआधी शंका असेल तर आरटीओत जाऊन विचारा. एक चक्कर पडेल, पण दुकान वाचेल.

हिशोब मांडल्याशिवाय एक रुपया घालू नका

आता कप्पा ४ मधल्या दोन कल्पना घेऊ. खालचे आकडे फक्त रीत समजावी म्हणून धरलेत. तुम्ही तुमचे खरे आकडे घाला.

कल्पना अ: उभ्या गाडीची देखभाल. महिन्यातून दोनदा मालकाच्या घरी जायचं. बॅटरी तपासायची, टायरमधली हवा बघायची, गाडी थोडी पुढे-मागे करायची, धूळ नीट काढायची, बॉनेट उघडून उंदराची चाहूल बघायची, फोटो काढून मालकाला पाठवायचे.

समजा १२ ग्राहक, महिना २,००० रुपये प्रत्येकी. जमा २४,०००. भेटी २४. एका भेटीला पेट्रोल आणि सामान मिळून ३५० रुपये धरले तर खर्च ८,४००. हातात १५,६००. एका भेटीला जाण्यायेण्यासह दोन तास धरले तर महिन्याला ४८ तास काम. नोकरी सांभाळून रविवारी आणि संध्याकाळी करता येण्यासारखं आहे. पण याच धंद्यासाठी तुम्ही जालना रोडला महिना १८,००० भाड्याचा गाळा घेतलात, तर महिन्याला २,४०० रुपये खिशातून जातील. धंदा तोच, गाळ्याने बुडवला.

कल्पना आ: संरक्षक फिल्म लावायचं वर्कशॉप. याला धूळ न येणारी बंद खोली, चांगला उजेड आणि दोन शिकलेले कारागीर लागतात. समजा भाडं, पगार, वीज, कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ७०,००० पक्का खर्च. एका गाडीमागे फिल्मचा खर्च वजा जाता १४,००० उरले. म्हणजे फक्त खर्च निघायला महिन्याला ५ गाड्या, वर्षाला ६०. तुमचा स्वतःचा पगार अजून यात धरलेलाच नाही.

आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: आपल्या शहरात वर्षाला ६० स्पोर्ट्स कार फिल्म लावायला येतील का? फक्त स्पोर्ट्स कारवर बसलात तर अवघड आहे. म्हणून नवीन एसयूव्ही घेणाऱ्यालाही हीच सेवा द्यावी लागेल. स्पोर्ट्स कारवाल्याची गाडी तुमच्या कामाची जाहिरात होईल, घर चालवेल ती एसयूव्ही.

आणि आपल्या शहराची एक खास गोष्ट विसरू नका: पाणी. जायकवाडी जवळ असूनही नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते प्रत्येकाला माहीत आहे. भरमसाट पाण्यावर चालणारं वॉशिंग सेंटर उन्हाळ्यात टँकरवर जातं आणि टँकर नफा पितो. कमी पाण्यात, मऊ कापडाने, योग्य रसायनाने गाडी साफ करण्याची पद्धत शिकलात तर ग्राहकाचे ओरखडे वाचतील आणि तुमचा टँकरही.

भांडवलाचं म्हणाल तर उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पीएमईजीपीसाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. पण क्रम लक्षात ठेवा: आधी ग्राहक, मग हिशोब, मग कर्ज. उलटा क्रम लावला की हप्ता दर महिन्याला येतो आणि ग्राहक येत नाही.

प्रश्न कसा विचारायचा?

बऱ्याच जणांचं इथेच बिघडतं. काही साध्या गोष्टी पाळा.

• विकायला जाऊ नका, ऐकायला जा. पहिल्या भेटीत व्हिजिटिंग कार्ड काढलं की समोरचा सावध होतो.

• उत्तर तोंडात घालू नका. "साहेब, तुमची गाडी घासत असेल ना?" असं विचारलं तर तो "हो" म्हणेल, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. "एकच गोष्ट बदलायची तर कुठली?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. ही शांतता अवघड वाटते, पण ती सहन करा.

• पुढचा प्रश्न: "यावर आत्तापर्यंत काय केलंत?" हा खरा चाळणीचा प्रश्न. कुणी म्हणालं, "उंदरांसाठी गोळ्या ठेवल्या, जाळी बसवली, एक माणूस ठेवला," तर त्याने आधीच पैसे घालवलेत. त्याची अडचण पक्की. कुणी म्हणालं, "काही नाही केलं, चालतंय," तर ती तक्रार गप्पांपुरती आहे. तिच्यावर दुकान काढू नका.

• त्याचेच शब्द लिहून घ्या. तो "अंडरबॉडी डॅमेज" म्हणत नाही, "पोटाला घासते" म्हणतो. तुमच्या बोर्डावर त्याचे शब्द हवेत.

• मालकासोबत ड्रायव्हर आणि वॉचमनलाही विचारा. गाडी कुठे घासते, किती दिवस उभी असते, हे मालकापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. त्यांच्याशी आदराने बोला. पुढे काम आणून देणारेही तेच असतात.

• दहा जणांना विचारल्याशिवाय निर्णय नाही. एकाचं उत्तर म्हणजे त्याचा स्वभाव. दहातल्या सहा जणांनी तेच सांगितलं तर ती बाजाराची गरज.

तुमची गाडी कुठली?

आता स्पोर्ट्स कार बाजूला ठेवा. ही रीत कुठल्याही धंद्याला लागू पडते.

शिवणकाम करणाऱ्या ताईंनी ब्लाउज देताना "फिटिंग बरोबर आहे ना?" विचारू नये. "मागच्या ब्लाउजमध्ये एक गोष्ट बदलायची असती तर?" विचारावं. उत्तर येईल, "तारखेला मिळायला हवं होतं." म्हणजे अडचण शिलाईची नव्हतीच, वेळेची होती. डबेवाल्याने विचारलं तर कळेल की भाजी छान आहे, पण रस्सा ऑफिसच्या बॅगेत सांडतो. त्याला नवा स्वयंपाकी नको, घट्ट झाकणाचा डबा हवाय. गिरणीवाल्याला कळेल की पीठ उत्तम आहे, पण दहा किलोची पिशवी चौथ्या मजल्यावर न्यायला आजी दमतात. तिथे घरपोच सेवा उभी राहते.

बघा, तिन्ही ठिकाणी मूळ माल बदलायची गरज पडली नाही. माझदाने केलं तेच: आवडणारं तसंच ठेवलं, त्रास तेवढा काढला.

या आठवड्याचं काम

वही घ्या. तुमच्या दहा ग्राहकांची नावं लिहा. धंदा अजून सुरू केला नसेल तर ज्या वस्तूत तुम्हाला रस आहे ती वापरणारे दहा जण शोधा. प्रत्येकाला तीन प्रश्न: काय बदलाल? काय मुळीच बदलू नये? आणि बदलण्यासाठी आत्तापर्यंत काय केलंत?

उत्तरं चार कप्प्यांत टाका. कप्पा ४ मध्ये जे सगळ्यात जास्त वेळा आलं, त्याचा वर दाखवला तसा हिशोब मांडा. भाडं, पाणी, हप्ता, स्वतःचा पगार, सगळं धरून. बेरीज जमली तरच पुढचं पाऊल टाका. नाही जमली तर वाईट वाटून घेऊ नका. एक वही आणि चार दिवस गेले, घरातले दागिने बँकेत गेले नाहीत.

तुमची उत्तरं आणि हिशोब कॉमेंटमध्ये लिहा. निवडक तीन हिशोब पुढच्या व्हिडिओत फळ्यावर मांडू आणि कुठे गळती आहे ते एकत्र शोधू.

भेटूया. तोपर्यंत विचारत राहा, लिहीत राहा.